डॉक्टरांच्या रीव्हॅलिडेशनवर संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये डॉक्टरांची दर पाच वर्षांनी फेरतपासणी होते. ही पद्धत नेमकी कशी चालते, तिच्यामुळे खरोखर काही बदलतं का, याचा अभ्यास करायला सार्वजनिक आरोग्य, समाजशास्त्र, वैद्यकीय शिक्षण, कायदा अशा वेगवेगळ्या शाखांतून लोक येतात आणि सुरुवातीला सगळे जवळजवळ त्याच प्रश्नांवर अडखळतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. जिथे माझं ठाम मत आहे, तिथे ते मत म्हणूनच मांडलं आहे.

रीव्हॅलिडेशन म्हणजे नेमकं काय?

ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदणी जनरल मेडिकल कौन्सिल, म्हणजे जीएमसी करते. ही संस्था १८५८च्या मेडिकल अ‍ॅक्टने स्थापन झाली. नोव्हेंबर २००९पासून नोंदणी आणि व्यवसायाचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. नाव नोंदवहीत असलं तरी परवाना नसेल तर रुग्णावर उपचार करता येत नाहीत, औषध लिहून देता येत नाही. हा परवाना टिकवण्यासाठी ३ डिसेंबर २०१२पासून रीव्हॅलिडेशन बंधनकारक झालं.

प्रत्यक्षात घडतं ते असं. डॉक्टरचं दरवर्षी अप्रेझल होतं. त्यासाठी प्रशिक्षण घेतलेला एक सहकारी डॉक्टर समोर बसतो आणि वर्षभराच्या कामाच्या नोंदींवर चर्चा होते. पाच वर्षांत सहा प्रकारची माहिती गोळा करावी लागते: सातत्याने चालू ठेवलेलं शिक्षण, कामाचा दर्जा सुधारण्यासाठी केलेले प्रयत्न, गंभीर घटना, रुग्णांचा अभिप्राय, सहकाऱ्यांचा अभिप्राय, आणि आलेल्या तक्रारी व कौतुक. पाच वर्षं झाली की रिस्पॉन्सिबल ऑफिसर हा वरिष्ठ डॉक्टर जीएमसीकडे शिफारस पाठवतो. शिफारस तीनपैकी एक असते: परवाना पुढे चालू ठेवावा, निर्णय पुढे ढकलावा, किंवा हा डॉक्टर प्रक्रियेत सहभागीच होत नाही. अंतिम निर्णय जीएमसीचा.

यात लेखी परीक्षा नाही. ‘पास-नापास’ची भाषा वापरून प्रश्नावली तयार केलीत, तर डॉक्टर पहिल्याच पानावर तुमच्यावरचा विश्वास गमावतात.

एखाद्या डॉक्टरविरुद्ध होणारी चौकशी आणि हे एकच का?

नाही. विशिष्ट डॉक्टरबद्दल गंभीर तक्रार आली की जीएमसीची वेगळी चौकशी सुरू होते आणि गरज पडल्यास प्रकरण २०१२मध्येच सुरू झालेल्या मेडिकल प्रॅक्टिशनर्स ट्रायब्युनल सर्व्हिस या न्यायाधिकरणासमोर जातं. रीव्हॅलिडेशन मात्र सगळ्यांसाठी असतं, तक्रार असो वा नसो. रिस्पॉन्सिबल ऑफिसरला काळजीचं काही दिसलं तर त्याने पाच वर्षं पुरी होण्याची वाट बघायची नसते. ते लगेच कळवायचं असतं. दोन्हीकडची आकडेवारी एकत्र करून निष्कर्ष काढणं ही या विषयातली सर्रास दिसणारी गफलत आहे.

ही पद्धत सुरू का झाली?

हा इतिहास नीट वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण आजच्या पद्धतीतली ओढाताण तिथूनच आलेली आहे.

ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीमध्ये लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांनंतर होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण इतर केंद्रांपेक्षा बरंच जास्त होतं. स्टीफन बोल्सिन या भूलतज्ज्ञाने हे सांगण्याचा वारंवार प्रयत्न केला, पण वर्षानुवर्षं काही हललं नाही. इयान केनेडी यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीचा अहवाल जुलै २००१मध्ये आला. १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालची ३० ते ३५ मुलं अपेक्षेपेक्षा जास्त दगावली, असा त्यातला अंदाज आहे. तिथले डॉक्टर दुष्ट नव्हते. आपलं काम इतरांच्या तुलनेत कुठे आहे हे बघण्याची सक्ती नव्हती आणि कोणी दाखवलंच तर ऐकून घेण्याची सवय नव्हती.

दुसरं प्रकरण हॅरॉल्ड शिपमनचं. मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या या फॅमिली डॉक्टरला जानेवारी २०००मध्ये १५ रुग्णांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. डेम जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीने २००२च्या पहिल्या अहवालात बळींची संख्या २१५ असल्याचं म्हटलं. डिसेंबर २००४च्या पाचव्या अहवालात त्यांनी जीएमसीच्या तेव्हाच्या रीव्हॅलिडेशन योजनेवर कडक टीका केली. ती योजना एप्रिल २००५मध्ये सुरू व्हायची होती, ती थांबली. मग २००६मध्ये तेव्हाचे चीफ मेडिकल ऑफिसर लियम डोनाल्डसन यांचा अहवाल आला, २००७मध्ये सरकारची श्वेतपत्रिका आली, २०१०मध्ये रिस्पॉन्सिबल ऑफिसर नेमण्याचे नियम झाले आणि २०१२च्या शेवटी पद्धत प्रत्यक्षात उतरली.

ब्रिस्टलचा धडा होता तो सर्वसाधारण डॉक्टरचं काम सुधारण्याचा. शिपमनचा धडा होता गुन्हेगाराला वेळीच ओळखण्याचा. एकाच पद्धतीकडून या दोन्ही अपेक्षा ठेवल्या गेल्या, आणि त्यांचा पुरावा मात्र पूर्णपणे वेगवेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो.

मग पुढचा शिपमन यातून सापडेल का?

माझं स्पष्ट मत आहे, या पद्धतीवर ती जबाबदारी टाकू नये. शिपमन रुग्णांमध्ये लोकप्रिय होता. अभिप्रायाचे फॉर्म वाटले असते तर बहुधा उत्तम शेरे आले असते. शिवाय त्याच्याबद्दलची धोक्याची खूण आधीच नोंदलेली होती: पेथिडिन हे गुंगी आणणारं वेदनाशामक मिळवण्यासाठी खोट्या चिठ्ठ्या लिहिल्याबद्दल १९७६मध्ये त्याला शिक्षा झाली होती आणि जीएमसीने ताकीद देऊन त्याला सोडलं होतं. अशा माणसाला अडवायचं तर मृत्यूच्या दाखल्यांची स्वतंत्र छाननी, गुंगीच्या औषधांच्या साठ्यावर नजर, एकेका डॉक्टरच्या रुग्णांमधल्या मृत्यूंचा आढावा या गोष्टी हव्यात.

म्हणून ‘किती वाईट डॉक्टर पकडले?’ या एकाच प्रश्नावर मूल्यमापन उभं केलं, तर उत्तर जवळजवळ नेहमीच निराशाजनक येईल आणि पद्धतीचं खरं काम बघायचं राहून जाईल.

संशोधनाचा प्रश्न कसा ठरवावा?

‘रीव्हॅलिडेशनचा उपयोग होतो का?’ हा प्रश्न चहाच्या टेबलावर ठीक आहे, प्रबंधासाठी नाही. त्याऐवजी आधी एक साखळी कागदावर मांडा. डॉक्टर माहिती गोळा करतो. त्या माहितीत त्याला आधी न दिसलेलं काहीतरी दिसतं. अप्रेझर त्यावर नेमका प्रश्न विचारतो. डॉक्टर एक ठरावीक बदल करायचं कबूल करतो. संस्था त्यासाठी वेळ किंवा साधन देते. बदल टिकतो. रुग्णाला त्याचा फायदा होतो.

आता प्रत्येक दुव्यावर बोट ठेवून विचारा, हा कुठे तुटतो? माझ्या मते बहुतेक वेळा तो दुसऱ्या किंवा पाचव्या दुव्यावर तुटतो. एकतर गोळा केलेली माहिती इतकी गुळगुळीत असते की तिच्यात नवं काही दिसतच नाही, नाहीतर डॉक्टरला बदल करायचा असतो पण त्याच्या वेळापत्रकात जागा नसते. दोन्ही ठिकाणची उपाययोजना निराळी, त्यामुळे संशोधनाचा प्रश्नही निराळा.

एक उदाहरण घेऊ. अप्रेझलनंतर एखाद्या फॅमिली डॉक्टरने विकास आराखड्यात लिहिलं, ‘मधुमेहावरच्या नव्या औषधांचं प्रशिक्षण घेणार.’ वर्षाअखेरीस प्रशिक्षण झालं, चौकटीत खूण झाली. संशोधक म्हणून तुम्ही इथेच थांबलात तर पद्धत यशस्वी दिसते. पुढे जाऊन त्या डॉक्टरच्या औषधांच्या चिठ्ठ्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षाच्या लावून बघितल्या, तरच प्रशिक्षण दवाखान्यात पोहोचलं की प्रमाणपत्रापाशीच थांबलं ते कळतं.

तुलना कोणाशी करायची? पद्धत तर सगळ्यांना लागू आहे.

या विषयातली सगळ्यात मोठी अडचण हीच. एका गटाला रीव्हॅलिडेशन द्यायचं आणि दुसऱ्याला नाही, असा प्रयोग करता येत नाही. त्यामुळे आपोआप घडलेल्या फरकांचा फायदा घ्यावा लागतो.

याचा उत्तम नमुना अमेरिकेत मिळतो. तिथल्या इंटर्नल मेडिसिन या शाखेच्या मंडळाने १९९०पासून तज्ज्ञाचं प्रमाणपत्र दहा वर्षांच्या मुदतीचं केलं. त्याआधीच्यांचं आयुष्यभराचं राहिलं. म्हणजे जवळपास एकाच वयाचे, एकाच प्रकारचं काम करणारे दोन गट तयार झाले, एकाला पुनर्प्रमाणीकरणाची सक्ती आणि दुसऱ्याला नाही. डिसेंबर २०१४मध्ये यावर दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात रुग्णांना हॉस्पिटलमध्ये दाखल करावं लागण्याच्या टाळता येण्याजोग्या प्रसंगांत फरक आढळला नाही, मात्र सक्ती असलेल्या गटाच्या रुग्णांवरचा खर्च किंचित कमी वाढला. दुसऱ्यात, माजी सैनिकांसाठीच्या चार केंद्रांतल्या डॉक्टरांमध्ये, प्राथमिक उपचारांच्या दहा निकषांवर दोन गटांत फरक दिसला नाही. निष्कर्ष आवडो न आवडो, रचना शिकण्यासारखी आहे.

ब्रिटनमध्ये अशी संधी पहिल्या फेरीत होती. सगळ्यांना एकाच वेळी बोलावलं नव्हतं. सुरुवातीला रिस्पॉन्सिबल ऑफिसर, मग पुढच्या तीन वर्षांत बाकीचे डॉक्टर टप्प्याटप्प्याने. कोणाला कोणतं वर्ष मिळालं यावरून तुलना करता येते. पण ती तारीख कशी ठरली हे आधी तपासा. ज्यांची कागदपत्रं तयार होती ते आधी गेले असतील, तर तुम्ही पद्धतीचा परिणाम मोजत नसून व्यवस्थित डॉक्टर आणि अव्यवस्थित डॉक्टर यांच्यातला फरक मोजत आहात.

इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांच्या आकडेवारीवरून झालेल्या एका विश्लेषणात, २०१९मध्ये, रीव्हॅलिडेशन आल्यानंतर कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टरांनी काम थांबवण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलं. सोडून गेलेले नकोसे होते की हवेसे, हा त्यापुढचा प्रश्न, आणि तो मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. निवृत्तीला आलेला अनुभवी डॉक्टर कागदपत्रांना कंटाळून दोन वर्षं आधी गेला, तर ती किंमत रुग्णच मोजतात.

कोविडच्या काळाकडेही बघा. मार्च २०२०मध्ये अप्रेझलं थांबवली गेली आणि अनेकांच्या रीव्हॅलिडेशनच्या तारखा वर्षभराने पुढे ढकलल्या. नंतर अप्रेझल परत सुरू झालं ते कमी कागदपत्रांचं आणि डॉक्टरच्या स्वतःच्या स्वास्थ्यावर जास्त भर देणारं. आधीचं आणि नंतरचं रूप यांची तुलना करता येते, फक्त महामारीने बाकी सगळंच बदलून टाकलं होतं हे हिशेबात धरावं लागतं.

परिणाम म्हणून काय मोजावं?

मृत्युदर मोजायचा मोह टाळा. एका डॉक्टरचं अप्रेझल आणि त्याच्या रुग्णांचा मृत्यू यांच्यामध्ये इतक्या गोष्टी येतात की फरक पडला तरी तो दिसणार नाही.

तक्रारींची संख्या जवळची वाटते, पण फसवी आहे. तक्रार करणं सोपं झालं की आकडा वाढतो, आणि ते चांगलं लक्षण असू शकतं. त्यापेक्षा तक्रारी कशा वाटल्या गेल्या आहेत ते उपयोगी पडतं. ऑस्ट्रेलियात २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात अवघ्या ३ टक्के डॉक्टरांकडे ४९ टक्के तक्रारी गेल्याचं आढळलं. त्यावरून मोठा धोरणात्मक वाद उभा राहतो: सगळ्यांची सारखी तपासणी करावी, की धोका जास्त असलेल्या थोड्या लोकांकडे जास्त लक्ष द्यावं? या वादात पुरावा घालणारं संशोधन मला आज सगळ्यात मोलाचं वाटतं.

मधल्या टप्प्यावरचे निकष सहसा जास्त बोलके असतात. डॉक्टरला त्याच्या कामाची आकडेवारी दाखवून अभिप्राय दिला तर काय होतं, यावर आधीचे अभ्यास एकत्र तपासणारा २०१२चा कॉक्रेन आढावा आहे. त्यात १४० अभ्यास होते आणि अपेक्षित पद्धतीने काम करण्याच्या प्रमाणात मध्यक सुधारणा सुमारे ४.३ टक्केबिंदूंची होती. छोटी, पण खरी. सुरुवातीची कामगिरी कमी असेल, अभिप्राय वरिष्ठाकडून किंवा सहकाऱ्याकडून आणि एकापेक्षा जास्त वेळा मिळाला असेल, सोबत स्पष्ट उद्दिष्ट आणि कृतीचा आराखडा असेल, तर परिणाम जास्त. अप्रेझल तपासताना नेमक्या याच गोष्टी शोधाव्यात.

डॉक्टरांना स्वतःची उणीव स्वतः कळत नाही का?

नेहमी नाही. २००६च्या एका पद्धतशीर आढाव्यात डॉक्टरांचं आत्ममूल्यमापन आणि बाहेरून केलेलं मूल्यमापन यांच्या २० तुलना तपासल्या होत्या. त्यांपैकी १३ तुलनांमध्ये दोघांचा मेळ फारसा नव्हता, अजिबात नव्हता किंवा उलटाच होता. आदल्या वर्षीच्या दुसऱ्या आढाव्यात, ६२ अभ्यासांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त अभ्यासांत व्यवसायातली वर्षं वाढली तशी तपासलेल्या प्रत्येक निकषावर कामगिरी घसरलेली दिसली. अनुभव आपोआप दर्जा टिकवतो, हे गृहीतक त्यामुळे डळमळतं.

म्हणजे डॉक्टरने स्वतःच्या कामाबद्दल केलेल्या चिंतनावरच उभं असलेलं अप्रेझल अपुरं आहे. बाहेरून आलेली माहिती लागतेच.

रुग्णांचा अभिप्राय किती विश्वासार्ह आहे?

फॉर्म वाटण्याचा क्षण जवळून बघा. तपासणी संपते, रुग्ण बाहेर येतो, रिसेप्शनवर त्याच्या हातात कागद दिला जातो. पुढच्या महिन्यात याच डॉक्टरकडे परत यायचं आहे. शेजारच्या खुर्चीत दुसरा रुग्ण बसलाय. पेन आहे, चष्मा घरी राहिलाय. अशा अवस्थेत बहुतेक लोक सगळ्यात वरच्या रकान्यात खुणा करून मोकळे होतात. गुण वरच्या टोकाला साचतात आणि बऱ्या डॉक्टरला उत्तम डॉक्टरपासून वेगळं काढता येत नाही.

ज्यांचे अनुभव सगळ्यात वाईट असण्याची शक्यता असते ते तर त्या रिसेप्शनपर्यंत पोहोचतच नाहीत: ज्यांना इंग्रजी येत नाही, स्मृतिभ्रंश झालेले, मनोरुग्ण विभागात इच्छेविरुद्ध दाखल झालेले, डॉक्टर सोडून दुसरीकडे गेलेले. आणि काही डॉक्टरांचे रुग्ण तर त्यांना धड भेटतच नाहीत. पॅथॉलॉजिस्टने कोणाला फॉर्म द्यायचा? भूलतज्ज्ञाने गुंगीतून बाहेर येणाऱ्या माणसाला काय विचारायचं?

जीएमसीच्या प्रश्नावलीसाठी साधारण ३४ रुग्ण आणि १५ सहकारी अशी संख्या सांगितली जाते, सरासरी स्थिर व्हावी म्हणून. पण संख्या पुरेशी असली तरी पूर्वग्रह जात नाही. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश विश्लेषणात गुण हे डॉक्टरने पदवी कुठे घेतली, रुग्णाचं वय आणि वंश काय, यांच्याशी निगडित असल्याचं आढळलं. कच्च्या सरासरीवरून दोन डॉक्टरांची तुलना करणं त्यामुळे अन्यायाचं ठरतं.

एवढं असूनही मी हा अभिप्राय काढून टाकण्याच्या पूर्ण विरुद्ध आहे. गुणांपेक्षा मोकळ्या जागेत लिहिलेली दोन वाक्यं डॉक्टरला जास्त हलवतात. ‘तुम्ही सगळा वेळ कॉम्प्युटरकडे बघत होतात’ असं वाक्य कुठल्याही ऑडिटमध्ये येत नाही. संशोधनात त्या मोकळ्या जागेतल्या मजकुराला आकड्यांइतकाच वेळ द्या.

अप्रेझलच्या बैठकीत संशोधकाला बसता येतं का?

दोघांची संमती आणि संस्थेची परवानगी असेल तर येतं, आणि शक्य असेल तर जरूर बसावं. मुलाखतीत लोक सांगतात ते आणि खोलीत घडतं ते यांच्यात अंतर असतं.

काय बघावं? आधी वेळ कशावर जातो ते. अपलोड न झालेली प्रमाणपत्रं शोधण्यात अर्धा वेळ गेला का? अप्रेझर लॅपटॉपशी बोलतोय की माणसाशी? मग प्रश्नांचं वळण. ‘ही घटना नोंदवलीत, छान’ असं म्हणून पान उलटलं जातं, की ‘त्या रात्री तुम्ही वरिष्ठांना फोन का केला नाहीत?’ असं विचारलं जातं? दुसऱ्या प्रश्नानंतर जी शांतता पसरते, तिच्यानंतर डॉक्टर काय बोलतो ते शब्दशः टिपा. पद्धत काम करते की नाही याचा पुरावा तिथे असतो. शेवटी अप्रेझरने लिहिलेला सारांश मिळाला तर तुमच्या टिपणाशी लावून बघा. कठीण संभाषण कागदावर उतरताना किती सौम्य होतं, हे स्वतंत्र लेखाचं साहित्य आहे.

तुमच्या उपस्थितीने बैठक बदलते, हे खरं. म्हणून काही बैठकी बघा, काहींचं फक्त ध्वनिमुद्रण घ्या.

आधी झालेलं कोणतं काम वाचलंच पाहिजे?

जीएमसीने नेमलेला अम्ब्रेला प्रकल्प, प्लिमथ विद्यापीठाच्या नेतृत्वाखालचा. त्याचा अंतिम अहवाल २०१८चा. सर्वेक्षण, मुलाखती, अप्रेझलची निरीक्षणं, रुग्णांशी चर्चा असं सगळं त्यात आहे. त्यातल्या डॉक्टरांच्या सर्वेक्षणासाठी दीड लाखाहून जास्त जणांना विचारलं होतं आणि सुमारे २६ हजारांनी उत्तरं दिली. संख्या मोठी, प्रतिसादाचं प्रमाण मात्र १७ टक्क्यांच्या आसपास. चिडलेले आणि उत्साही असे दोन्ही टोकांचे लोक अशा सर्वेक्षणात जास्त येण्याची शक्यता असते, हे लक्षात ठेवून टक्केवारी वाचा.

सर कीथ पिअर्सन यांचा जानेवारी २०१७चा आढावा वाचा; तो संशोधन-अहवाल नाही, पण पद्धत चालवणाऱ्यांना काय खुपतं ते त्यात स्वच्छ दिसतं. मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधक गटाने संस्थांच्या अंगाने केलेलं काम मला विशेष महत्त्वाचं वाटतं, कारण रीव्हॅलिडेशनमुळे एकेका डॉक्टरपेक्षा हॉस्पिटलच्या आतल्या यंत्रणा जास्त बदलल्या असाव्यात. काळजीच्या गोष्टी कोणाकडे न्यायच्या हे ठरलं, अप्रेझल कागदोपत्री न राहता खरोखर होऊ लागलं. तो परिणाम डॉक्टरांना विचारून कळत नाही.

निर्णय पुढे ढकलला म्हणजे डॉक्टर कमी पडला, असं धरायचं का?

अजिबात नाही. बाळंतपणाची रजा, आजारपण, नोकरी बदलणं, अभिप्राय गोळा न होणं अशा साध्या कारणांनीही निर्णय पुढे जातो. त्या काळात परवाना चालूच असतो. कुठल्या गटांचे निर्णय जास्त ढकलले जातात हे मात्र जरूर बघा. तिथे दोष डॉक्टरांचा नसून पद्धत कोणाचं आयुष्य गृहीत धरून आखली आहे त्याचा असू शकतो.

कोणते डॉक्टर अभ्यासातून निसटतात?

लोकम म्हणून आज इथे उद्या तिथे काम करणारे, फक्त खासगी प्रॅक्टिस असलेले, परदेशातून नुकतेच आलेले. प्रत्येक डॉक्टर एखाद्या नियुक्त संस्थेशी जोडलेला असतो आणि तिचाच रिस्पॉन्सिबल ऑफिसर शिफारस करतो. लोकमच्या बाबतीत ती संस्था अनेकदा कामाला लावून देणारी एजन्सी असते, तिने त्याचं काम डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. प्रशिक्षणार्थींची तपासणी तर त्यांच्या प्रशिक्षणाच्या वार्षिक आढाव्यातूनच होते, त्यामुळे त्यांचा नमुना वेगळा ठेवा.

एकाच डॉक्टरची सरकारी आणि खासगी प्रॅक्टिस असेल तर दोन्हीकडची माहिती एकत्र येते का, हा प्रश्न जिवावर बेतणारा आहे. इयान पॅटरसन हा स्तनांचा सर्जन एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतही आणि खासगी हॉस्पिटलांतही अनावश्यक आणि चुकीच्या शस्त्रक्रिया करत राहिला. २०१७मध्ये त्याला शिक्षा झाली आणि फेब्रुवारी २०२०च्या स्वतंत्र चौकशी अहवालाने सगळ्या यंत्रणांमधल्या फटी उघड्या केल्या. नमुना निवडताना सोयीचं मोठं हॉस्पिटल निवडून मोकळं होऊ नका.

डॉक्टरांनी लिहिलेल्या चिंतनाच्या नोंदी अभ्याससामग्री म्हणून वापरता येतील का?

येतील, पण त्या कोणत्या काळात लिहिल्या आहेत ते बघून. जानेवारी २०१८मध्ये, एका मुलाच्या मृत्यूबद्दलच्या खटल्यात दोषी ठरलेल्या प्रशिक्षणार्थी बालरोगतज्ज्ञाचं नाव नोंदवहीतून काढण्याचा उच्च न्यायालयाचा निकाल आला. ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. तिच्या चिंतनाच्या नोंदी खटल्यात पुरावा म्हणून मांडल्या गेल्या नव्हत्या, तरीही आपलं लिखाण आपल्याविरुद्ध वापरलं जाईल ही भीती डॉक्टरांमध्ये पसरली. त्यानंतरच्या नोंदींमध्ये चुकांबद्दलचं लिखाण जपून झालेलं दिसलं, तर त्याचा अर्थ चुका कमी झाल्या असा लावू नका.

कोणत्या परवानग्या लागतात?

तुमच्या विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी लागतेच. एनएचएसमधले डॉक्टर कर्मचारी म्हणून सहभागी होणार असतील तर एनएचएसच्या नीतिसमितीकडे सहसा जावं लागत नाही, पण इंग्लंड आणि वेल्समध्ये हेल्थ रिसर्च अथॉरिटी आणि हेल्थ अँड केअर रिसर्च वेल्स यांची एकत्रित मान्यता आणि प्रत्येक संस्थेचा होकार लागतो. रुग्णांना घेतलंत तर नीतिसमितीकडे जाणं आलंच. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड इथल्या व्यवस्था वेगळ्या आहेत. या सगळ्याला भरपूर महिने धरा.

मुलाखतीत एखाद्या डॉक्टरमुळे रुग्णांना धोका आहे असं कळलं तर?

याचं उत्तर मुलाखतीच्या खोलीत शोधायचं नसतं. माहितीपत्रकात आधीच स्पष्ट लिहा की गोपनीयता पाळली जाईल, पण रुग्णांना गंभीर धोका असल्याचं समजलं तर ती मोडावी लागेल. कोणाला कळवायचं, किती वेळात, आणि त्याआधी त्या डॉक्टरशी कसं बोलायचं हे मार्गदर्शकासोबत लिहून ठेवा. ही ओळ वाचून काही जण मुलाखत नाकारतील. नाकारू द्या.

रुग्णांना संशोधनात कधी आणि कसं घ्यावं?

प्रश्न ठरण्याआधी. माहितीपत्रक तपासायला शेवटी दोन रुग्ण बोलवणं म्हणजे सहभाग नव्हे. अम्ब्रेलासारख्या मोठ्या प्रकल्पांनीही दाखवलं की संपूर्ण प्रक्रियेत रुग्णांचा आवाज सगळ्यात क्षीण आहे. बहुतेकांना अशी तपासणी होते हेच ठाऊक नसतं. त्यामुळे ‘तुम्हाला रीव्हॅलिडेशनबद्दल काय वाटतं?’ असं विचारून हाती काही लागत नाही. ‘तुमचा डॉक्टर अजून नीट काम करतोय, हे तुम्ही कशावरून ओळखता?’ असं विचारा. लोक तासभर बोलतात. तो फोन उचलतो का, मागच्या वेळी काय सांगितलं ते त्याला आठवतं का, ‘मला माहीत नाही’ असं म्हणतो का. या उत्तरांची यादी करा आणि सहा प्रकारच्या माहितीशेजारी ठेवून बघा, त्यातलं किती कुठल्याच रकान्यात बसत नाही ते. ज्यांच्या घरात चुकीच्या उपचाराने माणूस गेलाय, त्यांनाही सल्लागार गटात घ्या. त्यांच्या वेळेचा आणि प्रवासाचा मोबदला पहिल्या अंदाजपत्रकातच धरा.